२४ एप्रिल : आर्मेनियन लोक १९१५ची आठवण कशी जपतात

रानजाई

दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक छोटी बातमी असते : अमुक देशाने आर्मेनियन नरसंहाराला मान्यता दिली, तुर्कस्तानने निषेध नोंदवला. बातमी तिथेच संपते. ज्यांची माणसं गेली ते लोक शंभराहून जास्त वर्षं हे दुःख कसं सांभाळत आलेत, यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं आमचा मुक्काम आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला होता. तिथे पाहिलेलं, ऐकलेलं आणि नंतर वाचलेलं इथे मांडतेय. जाणकारांनी भर घालावी.

पार्श्वभूमी थोडक्यात. पहिलं महायुद्ध चालू होतं, ऑटोमन (तुर्की) साम्राज्याची सूत्रं 'तरुण तुर्क' नावाच्या राजकीय गटाच्या हातात होती. २४ एप्रिल १९१५च्या रात्री इस्तंबूलमधल्या दोनशेवर आर्मेनियन कवींना, संपादकांना, वकिलांना, डॉक्टरांना घरातून उचललं आणि आत अनातोलियात पाठवून दिलं. त्यातले बहुतेक मारले गेले. पुढच्या महिन्यांत गावोगावी तेच घडलं. पुरुषांना वेगळं काढून मारायचं आणि बायका, मुलं, म्हाताऱ्यांना पायी सीरियाच्या वाळवंटाकडे हाकायचं. देर एझ-झोर हे त्या वाटेच्या शेवटचं नाव आजही कुठल्याही आर्मेनियन घरात नुसतं उच्चारलं तरी पुरतं. मृतांची संख्या अभ्यासक ६ ते १५ लाख सांगतात, आर्मेनियन लोक १५ लाख.

येरेवानमध्ये त्सित्सेर्नाकाबेर्द नावाच्या टेकडीवर स्मारक आहे. ४४ मीटर उंचीचा, उभा चिरलेला सुळका आणि शेजारी आत झुकलेल्या १२ प्रचंड शिळांचं वर्तुळ. शिळांच्या मधे दीड मीटर खाली अखंड ज्योत. पायऱ्याच अशा केल्यात की उतरताना मान आपोआप खाली जाते. २४ एप्रिलला सकाळपासून लोक चढत असतात. सरकारी पाहुणे पहिले, मग दिवसभर सगळं शहर. तान्ही बाळं खांद्यावर, चाकाच्या खुर्चीतले आजोबा, शाळेचे गट. कुणी घोषणा देत नाही. प्रत्येकाच्या हातात फुलं, कार्नेशन किंवा ट्यूलिप. संध्याकाळपर्यंत ज्योतीभोवती फुलांची भिंत माणसाच्या छातीपर्यंत येते. दोन-तीन दिवसांनी स्वयंसेवक ही फुलं उचलतात. देठांचं खत करतात आणि पाकळ्यांचा हातकागद. आमच्या शेजारच्या मुलीने असा एक कागद मला दाखवला होता. जाडसर, खरबरीत, मधेच लाल पाकळीचा तुकडा अडकलेला. त्यावर पत्रं, प्रशस्तिपत्रं छापतात.

हे स्मारक सहजासहजी उभं राहिलेलं नाही. सोव्हिएत काळात हा विषय जाहीरपणे काढायची सोय नव्हती. पन्नास वर्षं पुरी झाली तेव्हा, २४ एप्रिल १९६५ला, येरेवानच्या रस्त्यावर लाखभर लोक उतरले. मॉस्कोची सत्ता असताना, कुणाच्याही परवानगीशिवाय. त्या दडपणापुढे सरकार नमलं आणि १९६७ला स्मारक खुलं झालं. त्यासाठी मॉस्कोत शब्द टाकणारे तिथले पक्षप्रमुख याकोव्ह झारोब्यान यांची मात्र १९६६लाच खुर्ची गेली होती.

पण मला सांगायचंय ते स्मारकापेक्षा वेगळं आहे. तिथे राहताना हळूहळू लक्षात आलं की या लोकांना माणसं कशी मेली याच्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, ती कुठे आणि कशी जगत होती हे जपायचं आहे. येरेवानचे विभाग बघा : मालाथिया, अराबकिर, नोर झेयतुन, नोर्क-मराश. यातली मालाथिया, अराबकिर, झेयतुन, मराश ही आज तुर्कस्तानात असलेली गावं ('नोर' म्हणजे नवं). तिथून वाचलेले लोक किंवा त्यांची मुलंबाळं इथे वसली आणि वस्तीला गावाचं नाव दिलं. बैरूतच्या बुर्ज हम्मूदमध्येही हेच, तिथे नोर मराश आहे, नोर अदाना आहे. टॅक्सीवाला 'अराबकिरला सोडू का' विचारतो तेव्हा तो रोज एका पुसून टाकलेल्या गावाचं नाव घेत असतो.

शिवाय विखुरलेल्या गावकऱ्यांनी अमेरिकेत, लेबनॉनमध्ये, फ्रान्समध्ये आपापली मंडळं काढली आणि गावाची पुस्तकं लिहिली. 'हुशामाद्यान' म्हणतात. आठवणीतून काढलेले नकाशे, कुठल्या गल्लीत कुणाचं घर, विहिरी किती, लग्नात काय गायचे, बोलीतले शब्द, पक्वान्नं. लिहिणारे शिंपी, न्हावी, शिक्षक. खारपेर्त, मराश, अराबकिर, अशा कितीतरी गावांची आहेत. याच नावाने २०१०मध्ये बर्लिनमध्ये एक प्रकल्प सुरू झालाय, तो या पुस्तकांतलं आणि घरोघरच्या फोटोंतलं जग पुन्हा जोडून दाखवतो.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन.

—

कोरा_कागद

फार चांगला धागा, रानजाई. एक शंका. मृत्यू तर पुढे वर्षभर होत राहिले, मग २४ एप्रिलच का धरतात? त्या दिवशी तर फक्त अटका झाल्या.

—

रानजाई

कोरा_कागद, कारण त्या रात्री समाजाची वाचाच काढून घेतली. नावं बघा : दानिएल वारुझान, सियामान्तो, रुबेन सेवाक. एका पिढीचे आघाडीचे कवी, तिघेही त्याच उन्हाळ्यात मारले गेले. ग्रिगोर झोहराब तर संसदेचे सदस्य आणि कथाकार होते, त्यांना काही आठवड्यांनी पकडलं आणि उर्फाजवळ ठार केलं. इस्तंबूलमध्ये वाचलेल्यांनी १९१९मध्येच या तारखेला स्मरणसभा घेतली, तेव्हापासून तीच रूढ झाली.

अटक झालेल्यांत कोमितास होते. धर्मगुरू आणि संगीतकार. वर्षानुवर्षं गावोगाव पायी हिंडून शेतकऱ्यांची गाणी त्यांनी कागदावर उतरवली होती. नांगरणीची, लग्नाची, पाळण्याची. त्यांना चान्किरीला पाठवलं आणि वजनदार लोकांच्या खटपटीमुळे परत आणलं. पण जे पाहिलं त्याने मन कायमचं ढासळलं. उरलेली वीसेक वर्षं रुग्णालयांत काढून १९३५ला ते पॅरिसमध्ये वारले. ज्या गावांतून गाणी घेतली ती गावं गेली, गाणी मात्र त्यांच्या वह्यांत राहिली. आज आर्मेनियात कुठेही लहान मुलांचं गायनवृंद ऐका, अर्धी गाणी कोमितासांच्या वहीतली असतात.

—

डॉक्टर_होणार

मी इथे येरेवानला एमबीबीएसला आहे, तिसरं वर्ष. गाव सांगली. आपली मराठी मुलं बरीच आहेत इथे.

२४ तारखेला सुट्टी असते. आदल्या संध्याकाळी तरुणांची मशाल मिरवणूक निघते, शहराच्या मधून थेट टेकडीपर्यंत. पहिल्या वर्षी आम्ही खिडकीतून बघत होतो. आमच्या घरमालकीण आजी (सगळे त्यांना 'तातिक' म्हणतात, म्हणजे आजीच) वर आल्या आणि म्हणाल्या, बघता काय, चला. मग दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर गेलो.

त्यांचे आजोबा सासूनचे (ते आता तुर्कस्तानात आहे). ताई म्हणाल्या तसं, तातिक मृत्यूबद्दल कधीच बोलत नाहीत. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाल्या 'आजोबाही सांगायचे नाहीत.' पण सासूनच्या डोंगरातलं मध किती काळं असायचं, ते चारदा सांगून झालंय.

अजून एक. कॅस्केडच्या पायऱ्यांपाशी महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी लोकनृत्य शिकवतात, फुकट. 'कारिन' नावाचा गट आहे, कारिन म्हणजे आताचं एर्झुरुम. तिथे 'यारखुश्ता' शिकलो. पुरुष दोन रांगांत समोरासमोर येतात आणि तळवे जोरात आपटतात, तळहात लाल होतात अक्षरशः. सासूनकडचं युद्धनृत्य आहे. तातिकला सांगितलं तर त्यांनी स्वयंपाकघरातच माझा हात कुठे चुकतो ते दाखवलं. वय ८१.

—

सह्याद्रीवारा

डॉक्टर_होणार, तातिकना आमचा नमस्कार सांग.

—

मध्यममार्गी

कुणाच्या दुःखाचा अनादर करायचा नाही, पण प्रामाणिक प्रश्न आहे. युद्धाचा काळ होता, रशिया चाल करून येत होता, काही आर्मेनियन रशियाच्या बाजूने लढत होते. तुर्की मुसलमानही लाखोंनी मेले. तुर्कस्तान म्हणतं की ही युद्धातली होरपळ होती, ठरवून केलेला संहार नव्हे. ही बाजूही यायला हवी ना?

—

दप्तरी

मध्यममार्गी, प्रश्न विचारलात ते बरं केलंत. उत्तर सविस्तर देतो.

मुसलमान लोकांचे हाल झाले हे खरंच आहे. उपासमार, साथी, रशियन सैन्य, आणि वानसारख्या ठिकाणी आर्मेनियनांकडूनही माणसं मारली गेली. कुठलाही गंभीर इतिहासकार हे नाकारत नाही. पण मग हे बघा. बुर्सा, अंगोरा (आताचं अंकारा), कोन्या ही गावं रशियन आघाडीपासून शेकडो मैल दूर. तिथल्या आर्मेनियनांनाही का हाकललं? त्यात लष्करी गरज कुठली?

दुसरं, पुरावा शत्रूंकडूनच येतो असं नाही. जर्मनी ऑटोमनांचा दोस्त होता, आणि जर्मन वकिलातींचे अहवाल सगळ्यात अस्वस्थ करणारे आहेत. आर्मिन वेग्नर हा जर्मन लष्कराच्या वैद्यकीय पथकातला तरुण. बंदी असताना त्याने छावण्यांचे, वाटेवर पडलेल्या मुलांचे फोटो काढले. आज आपण जे फोटो पाहतो त्यातले कितीतरी त्याचे. त्याच्या रक्षेचा काही भाग त्या येरेवानच्या स्मारकाच्या भिंतीत ठेवलाय.

तिसरं, खुद्द ऑटोमन सरकारने १९१९-२०मध्ये इस्तंबूलला लष्करी न्यायालयं बसवली. तरुण तुर्कांचे तीन मुख्य पुढारी तलात, एन्वर, जेमाल पळून गेले होते, त्यांना गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला. बोआझलियानचा जिल्हाधिकारी मेहमेद केमाल याला एप्रिल १९१९मध्ये फाशी झाली. म्हणजे 'काही घडलंच नाही' ही भूमिका नंतर घेतली गेली, तेव्हाच्या तुर्की कोर्टाने ती घेतली नव्हती.

आणि हेही सांगायला हवं की हुकूम न मानणारे तुर्क अधिकारी होते. आधी अलेप्पो आणि मग कोन्याचे राज्यपाल असलेले जेलाल बे, कुताह्याचे फाइक अली बे. नोकरी पणाला लावून त्यांनी हजारो जीव वाचवले. आर्मेनियन लोक त्यांची नावं आदराने घेतात.

—

मध्यममार्गी

अंकारा, बुर्साचा मुद्दा माहीत नव्हता. वाचतो अजून. धन्यवाद दप्तरी.

—

निळी_शाई

मला यात सगळ्यात जास्त लागून राहतं ते म्हणजे जी माणसं मेलीही नाहीत आणि आर्मेनियनही राहिली नाहीत, त्यांचं. रस्त्यावरून ओढून नेलेल्या मुली, कुणाच्या घरात मोलकरीण, कुणाची बायको. काही अरब टोळ्यांत गेल्या, चेहऱ्यावर निळं गोंदण आलं. त्यांची आठवण कुणी जपायची?

फेथिये चेतिन या तुर्की वकील आहेत. त्यांची आजी सेहेर, चारचौघींसारखी मुसलमान म्हातारी. उतारवयात तिने नातीला जवळ घेऊन सांगितलं की माझं नाव हेरानुश, मी आर्मेनियन, मला आईच्या हातातून घोड्यावरच्या जमादाराने उचललं. चेतिन यांनी २००४मध्ये हे तुर्की भाषेत लिहिलं आणि मग तुर्कस्तानभर लोक आपापल्या आज्यांबद्दल दबक्या आवाजात बोलायला लागले. आजीच्या हबाब गावातली दोन जुनी कारंजी ढासळली होती. २०११मध्ये ती दुरुस्त केली, त्या कामाला तुर्क, कुर्द, आर्मेनियन तरुण एकत्र आले होते. पाणी परत वाहायला लागलं.

याच चेतिन ह्रान्त दिंक यांच्या वकील होत्या. दिंक म्हणजे इस्तंबूलच्या 'आगोस' साप्ताहिकाचे संपादक. 'तुर्कत्वाच्या अपमाना'वरून त्यांना शिक्षा झाली, आणि १९ जानेवारी २००७ला कार्यालयाच्या दारात गोळ्या घातल्या. अंत्ययात्रेत लाखभर लोक 'आम्ही सगळे ह्रान्त दिंक, आम्ही सगळे आर्मेनियन' असे फलक घेऊन चालले, त्यात बहुसंख्य तुर्क. २०१०पासून इस्तंबूलमध्येही २४ एप्रिलला माणसं जमायला लागली. त्यातली एक जागा हैदरपाशा रेल्वे स्टेशन. १९१५ला अटक केलेल्यांना तिथूनच गाडीत बसवलं होतं. अलीकडे परवानग्या नाकारल्या जातात. तरी कुणी ना कुणी फोटो घेऊन उभं राहतंच.

—

रानजाई

निळी_शाई, हा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता.

भाषेचंही असंच आहे. वेर्जिने स्वाझल्यान या संशोधक बाईंनी १९५५पासून वाचलेल्यांच्या साक्षी आणि गाणी गोळा केली. एकटीने, पायी, घरोघर जाऊन. सोव्हिएत काळात कुणी असं काम सांगितलेलं नसताना. शेवटी ७०० साक्षी छापून झाल्या. त्यात देर एझ-झोरच्या वाळवंटाची बरीच गाणी तुर्की भाषेत आहेत. कितीतरी आर्मेनियनांची घरची बोलीच तुर्की होती. आईच्या मरणाचं गाणं त्यांनी त्याच भाषेत रचलं. आजही स्मरणसभेत ती गायली जातात.

—

फोर्टकर

फोर्टमधल्या नगीनदास मास्टर रोडवर (जुना मेडोज स्ट्रीट) 'अरारात' नावाची इमारत आहे, तिच्याच आवारात सेंट पीटर आर्मेनियन चर्च. मूळ चर्च १७९६चं, आताचं बांधकाम १९५७चं. माझं पहिलं ऑफिस त्या रस्त्यावर होतं. मुंबईत आता आर्मेनियन जवळपास उरलेले नाहीत. अरारात हा त्यांचा पवित्र डोंगर. येरेवानमधून समोर दिसतो, पण आहे तुर्कस्तानात.

भारतातले आर्मेनियन बहुतेक इराणच्या इस्फहानजवळच्या जुल्फाहून व्यापारासाठी आले, १९१५च्या कितीतरी आधी. म्हणजे त्यांच्या घरात थेट ही कहाणी असेलच असं नाही. तरी कोलकात्याच्या १७२४च्या नाझरेथ चर्चच्या अंगणात नरसंहाराचं स्मारक आहे आणि २४ एप्रिलला तिथे प्रार्थना होते. भारत सरकारने अधिकृत मान्यता दिलेली नाही, पण २०१७च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी आर्मेनियाला गेले असताना त्यांनी स्मारकावर पुष्पचक्र वाहिलं होतं.

—

कोरा_कागद

रानजाई, चर्चची यात भूमिका काय? श्राद्धासारखं काही असतं का?

—

रानजाई

असायचं. मृतांच्या आत्म्याला शांती लाभो म्हणून २४ एप्रिलला चर्चमध्ये प्रार्थना व्हायची. २३ एप्रिल २०१५ला ते बदललं. एजमियाझिनच्या मुख्य पीठात मोठा सोहळा झाला आणि आर्मेनियन चर्चने संहारात बळी पडलेल्या सगळ्यांना एकत्रितपणे संतपद दिलं. त्याआधी चारेकशे वर्षांत या चर्चने कुणालाच संत केलं नव्हतं. संध्याकाळी ७ वाजून १५ मिनिटांनी (घड्याळात १९:१५) घंटेचे शंभर टोल पडले आणि जगभरच्या चर्चमधून त्यांना साथ दिली गेली.

संतांसाठी शांतीची प्रार्थना करत नाहीत, संतांकडे आपल्यासाठी मागणं मागतात. म्हणजे त्या दिवसापासून पणजी ही कीव करायची गोष्ट राहिली नाही, तिच्यापुढे नवस बोलता येतो. आमच्या शेजारणीने मुलीच्या परीक्षेआधी मेणबत्ती लावली ती १९१५च्या शहीदांना. माझ्या मते या शंभर वर्षांत आठवणीच्या बाबतीत झालेला हा सगळ्यात मोठा बदल आहे, संसदांच्या ठरावांपेक्षा कितीतरी मोठा. सगळ्यांना तो पटलेला नाही. काहींना वाटतं, रडायचा हक्क काढून घेतला. त्यांचंही म्हणणं समजू शकतं.

—

खमंग

इतक्या जड धाग्यावर खाण्याचं लिहू का असं वाटलं, पण ताईंनी पक्वान्नांचा उल्लेख केला म्हणून लिहिते.

मुसा दाग हा भूमध्य समुद्राकाठचा डोंगर. १९१५च्या उन्हाळ्यात तिथल्या सहा गावांनी घर सोडायला नकार दिला आणि ते डोंगरावर चढले. पन्नासेक दिवस लढले. चादरीवर मोठ्या अक्षरांत 'ख्रिस्ती लोक संकटात, वाचवा' असं लिहून समुद्राकडे टांगली. ती एका फ्रेंच युद्धनौकेने पाहिली आणि चार हजारांवर लोकांना उचलून पोर्ट सैदला नेलं. डोंगरावर त्यांनी जे शिजवून खाल्लं ते हरीसा. कांडून साल काढलेले गहू आणि मटण, रात्रभर मंद आचेवर, घोटून घोटून एकजीव. आपल्या हलीमसारखंच, पण मसाला जवळजवळ नाही, फक्त मीठ आणि वरून लोणी.

आता दर सप्टेंबरात आर्मेनियातल्या मुसालेर गावात आणि लेबनॉनच्या अंजारमध्ये मोठमोठ्या कढया चढतात. ढोल आणि झुर्ना वाजत असतात, पुरुष पाळीपाळीने लाकडी दांड्याने घोटतात, पहाटे धर्मगुरू आशीर्वाद देतो आणि येईल त्याला वाढतात, पैसे न घेता. अंजारची वस्तीसुद्धा सहा भागांत, त्या सहा गावांच्या नावाने.

—

सह्याद्रीवारा

२०२३मध्ये अझरबैजानने ताबा घेतल्यावर नागोर्नो-काराबाख हा प्रदेश सोडून लाखभर आर्मेनियन आठवडाभरात आर्मेनियात आले. त्यांच्या मनात १९१५ असणारच?

—

डॉक्टर_होणार

सह्याद्रीवारा, तेव्हा मी इथे नव्हतो. पण माझी एक वर्गमैत्रीण काराबाखमधल्या मुख्य शहराची, स्तेपानाकेर्तची आहे. एकाच रस्त्याने सगळं शहर निघालं, काही तासांच्या प्रवासाला दीड दिवस लागला. तिच्या आजीने घराची किल्ली बरोबर आणलीय. २४ एप्रिलला ती टेकडीवर येते, पण म्हणते की लोक आम्हाला स्मारकाच्या भिंतीवर कोरलेल्या गेलेल्या गावांच्या नावांत आत्ताच घालतात, ते मला नको. मला परत जायचंय. यावर मी काय बोलणार, गप्प बसलो.

—

दप्तरी

महत्त्वाचा मुद्दा मांडलास. आर्मेनियातही यावर वाद चालू आहेत. शेजाऱ्यांशी तह करून सीमा उघडाव्यात असं म्हणणारे आहेत, आणि तसं करताना १९१५ मागे पडेल ही भीती असणारे आहेत. परदेशातले आर्मेनियन, ज्यांचे पूर्वज नेमके त्या पश्चिमेकडच्या गावांचे, ते जास्त अस्वस्थ आहेत. देशातल्या लोकांना उद्याची सीमा सांभाळायची असते. दोघांनाही चूक म्हणता येत नाही.

—

भटकी_मैना

आम्ही दोघं सप्टेंबरात आर्मेनियाला जातोय. काय काय बघावं, कृपया सांगाल का?

—

रानजाई

भटकी_मैना, सप्टेंबर उत्तम. मुसालेर येरेवानहून एजमियाझिनच्या वाटेवर आहे, हरीसाचा रविवार सापडतोय का ते तिथे कुणालाही विचारा. स्मारकाखालचं संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि दोन-तीन तास हवेतच.

मातेनादारान, म्हणजे येरेवानचं जुन्या हस्तलिखितांचं संग्रहालय, चुकवू नका. तिथे मुशचा ग्रंथ आहे, १२००च्या सुमाराचा, २८ किलोचा. संहाराच्या वेळी मुशच्या मठातून दोन बायकांनी तो वाचवला असं सांगतात. एकीला उचलवेना म्हणून दोन भाग केले. एक भाग एजमियाझिनला पोचला, दुसरा एर्झुरुममध्ये पुरून ठेवला होता, तो नंतर मिळाला. आता दोन्ही एकत्र आहेत. शेजारी अगदी चिमुकलं हस्तलिखित ठेवलंय, त्यामुळे आकार लगेच लक्षात येतो.

टेकडीवर फुलं न्यायची असतील तर शहरातूनच घ्या, आणि सम संख्येत. विषम फुलं तिकडे आनंदाच्या प्रसंगी देतात, फुलवाली स्वतःच विचारते कुठे नेणार म्हणून.